फावडं न लागलेलं मीठ

वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रयोगशाळेला तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींतून शेजारच्या बिस्किटांच्या कारखान्याचा वास येई. पहिल्या आठवड्यात तो मला आवडला, नंतर त्याची शिसारी आली, आणि महिन्याभरात तो येईनासाच झाला. माणसाला सवय कशी होते, हे मला ठाऊक आहे. पुढे जे लिहिते आहे त्यातला प्रत्येक आकडा मी त्या त्या दिवशी वहीत टिपलेला आहे.

१९९२च्या जानेवारीत मी तिथे लागले. एम.एस्सी. होऊन सहा महिने झाले होते. परचुरे सर एका मोठ्या रबर कंपनीतून निवृत्त झाले होते आणि त्यांना आयुष्यात एकच गोष्ट करून दाखवायची राहिली होती: ताणलं तरी वीज वाहणारं रबर. प्रयोगशाळेत आम्ही तिघंच. सर, मी, आणि गोपीनाथ. गोपीनाथ माजिवड्याचा, आगरी. आयटीआय झालेला, पण हात असा की काचेची नळी वितळवून पाहिजे तसा बाक देई. साच्यांपासून विजेच्या जोडण्यांपर्यंत सगळं तोच करी.

रीत तशी सोपी होती. रबराच्या चिकात मिठाचे बारीक स्फटिक मिसळायचे, पातळ तक्ता ओतायचा, भट्टीत पक्का करायचा. मग तो गरम पाण्यात दोन दिवस ठेवायचा. मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांच्या भिंतींवर बर्फात थंड ठेवलेल्या द्रावणातून अ‍ॅनिलीन या रसायनाचा थर चढवायचा. तासाभरात तो गर्द हिरवा होतो आणि वीज वाहू लागतो. तक्त्याची पट्टी कापून ताणली की वीज कमी-जास्त होते, आणि ते चढउतार कागदाच्या रिळावर पेनाने उमटतात.

ही पट्टी तान्ह्या बाळाच्या छातीभोवती बसवायची होती. प्रत्येक श्वासाला कागदावर एक लाट, आणि दहा सेकंद लाट आली नाही तर घंटा.

सरांसाठी हा संशोधनाचा प्रश्न होता. गोपीनाथसाठी नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याचा पहिला मुलगा अकराव्या दिवशी झोपेत गेला होता. बायको गोदा शेजारीच झोपलेली, तिला कळलंही नाही. आता गोदाला पुन्हा दिवस गेले होते. जूनच्या अखेरीची तारीख होती.

"मॅडम, जूनच्या आत व्हायला पाहिजे," तो दर सोमवारी म्हणे.

"होईल रे."

"होईल नाही. झालं म्हणा."

झालं मात्र नव्हतं. बाटलीतलं शुद्ध मीठ वापरून केलेली पट्टी दोनशे वेळा ताणली की तिच्यातली वीज तुटायची. सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसत होतं. स्फटिक भरडले गेलेले, कडा तुटक्या, आणि तशाच तुटक्या पोकळ्या. मला अखंड, सारखे, चपटे स्फटिक हवे होते. संथ पाण्याच्या पृष्ठभागावर आपोआप धरतात तसे.

"तुमचं मिठाचं आगर आहे ना खाडीला?" मी गोपीनाथला विचारलं.

"आहे की. मोठे काका बघतात. पण ते मीठ फावड्याने ओढतात, पायाखाली जातं."

"तसं नको. ज्याला फावडं लागलं नाही, पाय लागला नाही, कुणी ढवळलंसुद्धा नाही, असं पाहिजे. मिळेल?"

तो थोडा वेळ हातातली पकड उघडमीट करत राहिला. मग म्हणाला, "एक वाफा आहे तसा."

दुसऱ्या दिवशी त्याने रुमालात बांधून मूठभर मीठ आणलं. इतके सुंदर स्फटिक मी कधी पाहिले नव्हते. चौकोनी, पापुद्र्यासारखे, एकाच मापाचे. मी एवढी खूश झाले की वाफ्याबद्दल आणखी काही विचारायचं सुचलं नाही.

तक्ता अठरा सेंटिमीटर रुंद झाला. दोन-दोन सेंटिमीटरच्या नऊ पट्ट्या निघाल्या. पहिली पट्टी मी यंत्रावर लावली. दोनशे ताण झाले, दोन हजार झाले, वीस हजार झाले. वीज तुटली नाही. सरांनी पेढे आणवले.

विचित्र गोष्ट मला सतरा एप्रिलला दिसली. शुक्रवार होता. शुक्रवारी इस्टेटीतली मोठी यंत्रं बंद असत, म्हणून बारीक मोजमापं मी त्या दिवशी करी. चार नंबरची पट्टी दोन चिमट्यांत सैल बसवून ठेवली होती, ताण शून्य. पेनाने सरळ रेघ काढायला हवी होती.

पेन लाटा काढत होतं. बारीक, पण नियमित. मिनिटाला बेचाळीस.

मी पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. दिव्याच्या तारा काढल्या, यंत्र बॅटरीवर घेतलं. टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे सरकवले. लाटा चालूच. मी मागे भिंतीपर्यंत जाऊन उभी राहिले, म्हणजे माझ्या अंगाची ऊब नको. माझी नाडी शहात्तर होती, श्वास सोळा. बेचाळीसशी जुळणारं त्या खोलीत काहीच नव्हतं.

मग लाट थांबली. एक, दोन, तीन... मी आठपर्यंत मोजलं. एक मोठी लाट आली आणि पुन्हा बेचाळीस.

सोमवारी सरांनी कागद पाहिला. "अगं शकुंतला, रबर आहे ते. भट्टीतून निघाल्यावर महिनाभर आक्रसत, सैलावत असतं."

"सर, दर मिनिटाला बेचाळीस वेळा?"

"कारण सापडेल," ते म्हणाले. "सापडेपर्यंत लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं. नऊही पट्ट्या तपासल्या. प्रत्येकीची गती वेगळी होती. एक नंबर अडतीस, सात नंबर एकावन्न. बाटलीतल्या मिठाच्या जुन्या पट्ट्यांची रेघ मात्र फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ. मग मी नऊ पट्ट्या एका आडव्या दांडीला टांगल्या आणि प्रत्येकीच्या खालच्या टोकाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला, वजन म्हणून. जवळ जाऊन पाहिलं की चिमटे किंचित वर-खाली होताना दिसत. गोपीनाथ त्या दांडीपाशी रेंगाळायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी चार नंबरच्या पट्टीचा कागद घेऊन सरांच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्या सरकारी रुग्णालयात होत्या, आमची पट्टी पहिल्यांदा वापरून बघायला त्या तयार होत्या. लाटांची उंची किती असावी एवढंच मला विचारायचं होतं. कागद कुठून आला ते मी सांगितलं नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणून धरला.

"छान येतंय की! कुठे आहे हे बाळ?"

त्या कागद पुढे सरकवत राहिल्या.

"दहा-अकरा दिवसांचं दिसतंय. हे बघ, इथे थांबलंय, आठ सेकंद." त्यांनी नखाने खूण केली. "आईला सांग, रात्री एकटं ठेवू नका म्हणावं."

मी कागद घेतला आणि खोपटच्या बसथांब्यापर्यंत पायी चालत आले. बस दोन सुटल्या, मी चढले नाही.

अठरा मेच्या दुपारी गोपीनाथची आई प्रयोगशाळेत आली. आवडाबाई. ठेंगणी, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. माजिवड्याहून भर उन्हात चालत आली होती, कारण घरी फोन नव्हता.

"गोपी कुठं हाय, बाय? गोदाचं पोट दुखाया लागलंय. इस्पितळात नेलीय तिला."

"आत्ता? तिला तर अजून..."

"महिना हाय. तेच ना."

गोपीनाथ आतून धावत आला, चपला शोधू लागला. आवडाबाई दारातून आत आली नव्हती. पण तिची नजर दांडीवर गेली आणि ती आली. पट्ट्यांसमोर उभी राहिली. मग तिने बोटाने मोजल्या.

"गोप्या," ती न वळता म्हणाली, "मीठ कुठलं?"

तो चपलेच्या पट्ट्याशी खटपट करत राहिला.

"तुला विचारते मी."

"कडेच्या वाफ्यातलं, आये."

ती ओरडली नाही. पदर तोंडाशी नेला फक्त. मीच विचारलं, "काय आहे त्या वाफ्यात?"

"वाफ्यात काय नाय, बाय. बांधावर हाय. दात येण्याआधी गेली ती पोरां आमी जालत नाय, पुरतो. आमच्या घरची समदी त्या बांधात हायेत. म्हनून त्यो वाफा आमी ओढत नाय. मीठ धरतं, पावसात जातं. कोन हात लावत नाय."

"किती..." माझ्या तोंडून निघालं.

"माज्या सासूची चार. माजी तीन. जावेची एक." तिने चौथ्या पट्टीकडे पाहिलं. चिमटा हळूहळू वर गेला, खाली आला. "आन ह्याचा एक."

गोपीनाथने चपला घातल्या होत्या. तो म्हणाला, "चल आये, उशीर होतो."

जाताना तिने माझा हात धरला. तळवा खरखरीत आणि गार होता, एवढ्या उन्हातून येऊनही. "गोदाचं निभावलं की मी येईन. परत नेऊन टाकू त्यांना. तवर कुनाला देऊ नको. शब्द दे."

मी दिला.

त्याच दिवशी मुलगी झाली. वजन तेराशे ग्रॅम. एकवीस मेच्या सकाळी गोपीनाथ आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि डोळे आत गेले होते.

"सरांच्या ओळखीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, मधेच श्वास घ्यायची थांबते. चौदा पोरांना दोन सिस्टर. त्या म्हणाल्या, तुमचा पट्टा आणा."

मी त्याला जुन्या मिठाची पट्टी काढून दिली. त्याने ती टेबलावर ठेवली.

"ही दुपारपर्यंत तुटेल. तुम्हालाही माहितीये."

"गोपीनाथ, ऐक." मी शक्य तितकं सरळ बोलत होते. "त्या पट्ट्या स्वतःच्या स्वतः लाटा काढतात. उद्या बाळाचा श्वास थांबला आणि पट्टी चालत राहिली, तर घंटा वाजणारच नाही. कुणाला कळणार नाही. आणि आईंना मी शब्द दिलाय."

"मला थांबणारी नकोय, मॅडम." त्याचा आवाज चढला नाही. "मला चालत राहणारी पाहिजे."

त्याने दांडीवरून पट्टी काढली. कुठली, हे बघायची मला गरज पडली नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली त्याने ती, तान्ह्या बाळाची मान सांभाळतात तशी.

मी अडवलं नाही. एवढंच केलं की रेकॉर्डर उचलून त्याच्याबरोबर गेले. ठरवलं होतं की कागदाकडे बघायचंच नाही, बाळाकडे बघायचं.

बाळ काचेच्या पेटीत होतं. माझ्या हाताच्या पंज्याएवढी छाती. पातळ आवरणात घातलेली पट्टी मीच तिच्याभोवती बसवली. गोदा भिंतीला टेकून खाली बसली होती. ती एकदाच बोलली, "घट्ट नाही ना होत तिला?"

"नाही."

चोवीस तास काही झालं नाही. लाटा आणि छाती एकमेकांशी जुळत होत्या. मी आणि गोपीनाथ आळीपाळीने बसत होतो. दुसऱ्या दिवशी, बावीस मे, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. वॉर्डात ऊन आलं होतं. एक सिस्टर जेवायला गेली होती, दुसरी टोकाच्या पेटीपाशी पाठमोरी.

छाती थांबली.

मी घड्याळाकडे पाहिलं. पाच सेकंद. दहा. घंटा वाजली नाही. शेजारी पेन चालण्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र, न चुकता.

पंधरा. बाळाचे ओठ निळे होऊ लागले.

"सिस्टर!"

ती धावत निघाली. वॉर्ड लांब होता.

आणि मी पाहिलं. बाळ हललं नव्हतं. पट्टी हलली.

ती आत आवळली. सैल झाली. पुन्हा आवळली. तिच्याखालची ती एवढीशी छाती दबली, उठली. दबली, उठली. आईने झोपलेल्या मुलाला थोपटावं तशी गती.

मिनिटाला बेचाळीस. मला मोजायची गरज नव्हती, पण मी मोजलं.

सिस्टर येईपर्यंत ओठ गुलाबी झाले होते. तिने तळपायाला टिचक्या मारल्या, कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "काय हो, घाबरवता. हे बघा, एकही चुकलेला नाही."

गोपीनाथ दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो पेटीजवळ आला, काचेवर बोटं टेकवली आणि अगदी हळू म्हणाला, "शाब्बास रे."

वॉर्डातले सगळे कागद माझ्याकडे आहेत. पट्टीच्या जोडीला मी पेटीच्या काचेतून छाती बघत, पेन्सिलीने कागदावर खुणा करत बसे. बावीस मेपर्यंत आधी छाती, मग लाट. बावीस मेनंतर आधी लाट, मग छाती. फरक पाव सेकंदाचा असेल. पण एकदाही उलट झालं नाही.

चार जूनला डॉक्टरबाईंनी पट्टा काढायला सांगितला. वजन सोळाशे झालं होतं. मी काढला. मुलगी श्वास घेत राहिली. सगळा वॉर्ड हसला, गोपीनाथने सिस्टरांना केळी वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घरी सोडलं.

पट्टी मी प्रयोगशाळेत आणून यंत्रावर लावली. रेघ सरळ. दिवसभर ठेवली, रेघ सरळच.

सहा जूनला आवडाबाई आली. बरोबर धुतलेल्या लुगड्याचं फडकं. मी तिला झाला प्रकार सांगितला. शब्द मोडला होता, तेही. तिने ऐकून घेतलं. पट्टी हातात घेतली, उन्हाकडे धरली, टेबलावर परत ठेवली.

"ही नको मला."

"का?"

"रिकामी झाली ती." मग दांडीकडे बोट केलं. "त्या आठ मी उद्या नेते. उद्या दिवस चांगला हाय. पावसाच्या आधी गेल्या पायजेत."

"आणि बाळ? बरी आहे ना?"

आवडाबाई फडक्याची घडी घालत राहिली. "पिते, झोपते. झ्याक हाय."

ती गेल्यावर पंधरा मिनिटांनी गोदा आली. एकटी, मुलीला छातीशी घेऊन. सासूच्या मागेमागे आली असावी आणि ती जाईपर्यंत कुठेतरी थांबली असावी. तिने मुलगी माझ्या हातांत दिली. उबदार, जड वाटावी अशी. डोळे उघडे.

"मॅडम, तुम्ही पहिल्या दिवसापासून होतात तिच्याजवळ. तुम्ही शिकलेल्या. खरं सांगाल?"

"विचार ना."

"पहिल्याची पिताना एक सवय होती. मधेच सोडायचा, माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरायचा, मग पुन्हा प्यायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं." तिने गळ्याशी हात नेला. "ही चार दिवस झाले तसंच करते. तीच वाटी. उजवीकडची."

मी मुलीची मूठ दुपट्यात घातली.

"मला वाईट नाही वाटत," गोदा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तो आला, बरंच झालं. पण मग मी जिला जन्म दिला, ती कुठे गेली?"

मी मुलगी तिच्या हातांत परत दिली. ती मुलीला घेऊन गेली आणि मी तिला रिक्षापर्यंत सोडून वर आले.

सर फोनवर होते. त्यांचा चेहरा इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता. पलीकडे डॉक्टरबाई असाव्यात, कारण ते मधेमधे "हो हो, अर्थात" म्हणत होते.

"काय म्हणता? एका दिवसात पाच बाळं?... बाराशे ग्रॅम म्हणजे फारच... नाही, नाही, करायला वेळ लागणार नाही. तयार आहेत." त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. "आठ आहेत बघा आमच्याकडे. आजच पाठवतो."

मी नको म्हणून हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं, ते पत्ता लिहून घेत होते.

मी दांडीकडे वळले.

आठ चिमटे. गेला दीड महिना ते कधी एका तालात हलले नव्हते. आता आठही स्थिर होते, कान देऊन ऐकत असल्यासारखे. खोलीत एवढी शांतता होती की फोनमधला डॉक्टरबाईंचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू येत होता. त्या एकेका बाळाचं वजन सांगत होत्या.

त्यांनी तिसरं वजन सांगितलं, तेव्हा टोकाच्या पट्टीचा चिमटा हळूच वर गेला आणि वरच थांबला.